हुकमाचा फासा

मे महिन्याच्या सुट्टीत बंगळूरहून आमचा भाचा आला, तो एक जड पेटी घेऊनच. पेटीत अंगठ्याच्या पेराएवढे सैनिक होते, पुठ्ठ्याची घरे होती, काथ्याची कुंपणे होती, एक मोजपट्टी होती आणि दोन रंगांच्या फाशांनी भरलेली एक लहानशी थैली होती. आमचा मुलगा त्याच्याहून तीन वर्षांनी लहान, बारा वर्षांचा. दोघांनी तासाभरात जेवणाचे मेज अडविले आणि त्यावर इटलीतले एक खेडे उभे केले. आजीने एकच अट घातली : पाने मांडण्याच्या वेळी तह झालाच पाहिजे.

लहान मुलांची ही लुटुपुटीची लढाई म्हणून मी प्रथम तिकडे दुर्लक्षच केले. परंतु दुसऱ्या दिवशी त्या थैलीतल्या फाशांवरून घरात जे घडले, त्यामुळे मला त्या फाशांचा अभ्यास करावा लागला, आणि शेवटी ते स्वतः घडवावेही लागले. मेजावरचे असे खेळ आता आपल्याकडील घरांतही येऊ लागले आहेत. म्हणून तो अनुभव येथे सांगत आहे.

न टाकावयाचा फासा

फासा म्हटला की आपल्याला द्यूतसभा आठवते. आपला आणि फाशाचा संबंध त्याहूनही प्राचीन आहे. मोहेंजो-दडोच्या उत्खननात भाजक्या मातीचे घनाकृती फासे सापडले. त्यांपैकी कित्येकांवर एकाच्या समोरच्या बाजूस दोन, तिनासमोर चार आणि पाचासमोर सहा असे ठिपके आहेत. आजच्या फाशावर समोरासमोरच्या ठिपक्यांची बेरीज सात येते, एवढाच काय तो फरक. ऋग्वेदात जुगाऱ्याच्या दुःखाचे एक संपूर्ण सूक्त आहे. त्या काळी फाशांचे काम बेहड्याची फळे करीत.

भाच्याच्या थैलीतले फासे मात्र या कुळातले नव्हते. ते टाकावयाचे नव्हतेच. त्यांच्या सहा बाजूंवर ठिपक्यांऐवजी सहा हुकूम कोरलेले होते. खेळाचे नाव ‘बोल्ट ॲक्शन’. रिक प्रीस्टली आणि अलेस्सिओ कावातोरे यांनी तो रचला आणि इंग्लंडातील नॉटिंगहॅमच्या वॉरलॉर्ड गेम्स या संस्थेने ऑस्प्रे या प्रकाशनसंस्थेच्या सहकार्याने तो २०१२ मध्ये बाजारात आणला. त्याची तिसरी आवृत्ती २०२४ मध्ये निघाली. विषय दुसऱ्या महायुद्धाचा, आणि सैनिकांची उंची सुमारे २८ मिलिमीटर, म्हणजे इंचाहून थोडी अधिक.

खेळाची रीत अशी. प्रत्येक खेळाडूजवळ जितक्या तुकड्या, तितके त्याच्या रंगाचे फासे. दोघांचेही फासे एकाच थैलीत घालावयाचे आणि न पाहता एक एक बाहेर काढावयाचा. ज्याच्या रंगाचा फासा निघेल, त्याची पाळी. मग तो आपली कोणतीही एक तुकडी निवडतो, फासा हातात फिरवून हवा तो हुकूम वर करतो आणि तुकडीजवळ ठेवून देतो. मुलांनी त्या सहा हुकमांना आपली नावे दिली होती. ‘मारा’ म्हणजे जागेवरून गोळीबार. ‘चाल’ म्हणजे सहा इंच पुढे सरून गोळीबार, पण नेम थोडा ढळणार. ‘धाव’ म्हणजे बारा इंच पळणे, परंतु बंदूक गप्प. ‘दबा’ म्हणजे शत्रू टप्प्यात येईपर्यंत वाट पाहणे. ‘सावर’ म्हणजे बिथरलेल्या तुकडीने धीर गोळा करणे. आणि ‘आडवे’ म्हणजे जमिनीला अंग टेकून जीव वाचविणे.

थैली रिकामी झाली की एक फेरी संपते. सहसा फासे पुन्हा थैलीत जातात. एखादी तुकडी नष्ट झाली असेल तर तिचा फासा मात्र परत जात नाही. एका बाजूला आठ फासे आणि दुसरीला सहा असतील, तर पहिली पाळी पहिल्या बाजूला मिळण्याचा संभव चौदांत आठ. तरीही सलग तीन फासे दुसऱ्याचेच निघाले, असे घडू शकते. पाळी केव्हा येईल हे आपल्या हाती नाही. आलेल्या पाळीचे काय करावे, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. जुगाराच्या फाशात दैव फाशाच्या बाजूवर बसलेले असते. येथे ते थैलीत बसते, आणि बाजू माणूस निवडतो.

फाशाने हुकूम देण्याची कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. अल्-बिरूनीने इ. स. १०३० च्या सुमारास लिहिलेल्या भारतवर्णनात चौघांनी खेळावयाच्या बुद्धिबळाची हकीकत आहे. त्यात फासे टाकीत आणि पडलेल्या दानावरून कोणते मोहरे हलवावयाचे ते ठरे. तेथे हुकूम दैवाचा होता, चाल माणसाची होती. युरोपात प्रशियन सैन्यातील लेफ्टनंट फॉन रायस्वित्झ याने १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ सिद्ध केला. त्यात फाशांनी हानी ठरविली जाई. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून शिशाचे सैनिक आणि खेळण्यातल्या तोफा घराघरांत नेल्या. अशा खेळाने खरे युद्ध किती वेडगळ आहे हे कळून येते, असेही त्याने त्या पुस्तकात बजाविले. पुढच्याच वर्षी युरोपात पहिले महायुद्ध पेटले.

दिलेला हुकूम आणि पाळलेला हुकूम

या खेळातली एक गोष्ट मला विशेष वाटली. दिलेला हुकूम पाळला जाईलच, असे नाही. तुकडीवर गोळ्यांचा वर्षाव झाला की तिच्याजवळ दडपणाची एक खूण ठेवतात. अशा तुकडीला हुकूम देताना दोन साधे फासे टाकून मनोबलाची परीक्षा घ्यावी लागते. शिकलेल्या तुकडीचे मनोबल ९ मानले आहे, आणि प्रत्येक खुणेमागे त्यातून एक वजा होतो. तीन खुणा असतील तर दोन फाशांची बेरीज सहा किंवा त्याहून कमी यावयास हवी. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी केवळ १५ अशा आहेत. परीक्षा फसली की सेनापतीचा ‘मारा’ तसाच राहतो आणि तुकडी आडवी होते.

मुले यावर हसत होती, म्हणून मी त्यांना नाईक यशवंत घाडगे यांची हकीकत सांगितली. आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे हे जवान पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्यावाचून तुकडीतले सारे जण ठार किंवा जखमी झाले. अशा वेळी ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले, हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, ठाणे जिंकले, आणि नंतर शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तेथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. मेजावरच्या खेड्याकडे पाहत मुले थोडा वेळ गप्प बसली. मग धाकट्याने आडवा पडलेला एक सैनिक हलकेच उभा केला.

लाल कोणता, हिरवा कोणता?

दुसऱ्या दिवशी भांडण झाले. भाच्याचे फासे गडद लाल आणि गडद हिरवे होते. हे रंग त्याने स्वतःच्या आवडीने निवडले होते. धाकट्याने थैलीतून फासा काढला, क्षणभर पाहिला आणि “माझा” म्हणाला. फासा लाल होता, भाच्याचा होता. असे तीनदा झाले तेव्हा भाचा चिडून म्हणाला, “मामा, हा मुद्दाम फसवतो आहे!” धाकटा काहीच बोलला नाही. फासे टाकून तो गच्चीवर निघून गेला.

मी त्याच्या मागोमाग गेलो. पुष्कळ वेळाने त्याने सांगितले की, दिवाणखान्यातल्या संध्याकाळच्या उजेडात ते दोन्ही फासे त्याला एकसारखेच दिसत होते. निम्म्या वेळा तो अंदाजाने बोलत होता, आणि अंदाज बरोबर आला की कोणाच्या लक्षात येत नव्हते. त्या क्षणी मला त्याच्या चित्रकलेच्या वह्या आठवल्या. झाडांची पाने तपकिरी रंगविल्याबद्दल मी त्याला निष्काळजी म्हणून रागावलो होतो, आणि तेही एकदाच नव्हे.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांच्या पाट्या दाखवून परीक्षा घेतली. जपानी नेत्रवैद्य शिनोबु इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पाट्यांत निरोगी डोळ्याला ठिपक्यांतून आकडा दिसतो, रंगांधाला तो दिसत नाही किंवा निराळाच दिसतो. मुलाला लाल-हिरव्याचे रंगांधत्व होते. हा दोष बहुधा जन्मजात असतो. त्याचे बीज एक्स गुणसूत्रावर असल्याने तो मुलींपेक्षा मुलांत फार अधिक आढळतो, आणि आईची दृष्टी निर्दोष असूनही तिच्याकडून मुलाकडे येऊ शकतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे बारांत एकाला तो असतो. जॉन डाल्टन या प्रख्यात शास्त्रज्ञाने १७९४ मध्ये स्वतःच्याच दृष्टीचा हा दोष तपशीलवार वर्णन केला होता. जन्मजात रंगांधत्वावर नेहमीचा असा उपचार नाही. पण तो वेळीच कळला, तर मुलाला विनाकारण बोलणी खावी लागत नाहीत आणि पुढे व्यवसाय निवडतानाही उपयोग होतो. भाच्याला हे कळले तेव्हा तो ओशाळला. “मला आधी का नाही सांगितलेस?” एवढेच तो म्हणाला. धाकटा म्हणाला, “दादा, मलाच कुठे ठाऊक होते?”

खूण कोणासाठी?

उपाय सोपा वाटला. भाच्याने कानशीने प्रत्येक हिरव्या फाशाच्या एका कोपऱ्याला खाच पाडली. आता धाकट्याला आपला फासा ओळखता येऊ लागला. परंतु दुपारपर्यंत दोघांच्याही ध्यानात आले की, तो थैलीतही ओळखता येत होता. थैलीत हात घालणाऱ्याच्या बोटांना खाच लागे. न लागल्याचे सोंग करणे कठीण, आणि लागल्यावर हात प्रामाणिक राखणे त्याहून कठीण. खेळाचा प्राण त्या थैलीतल्या अंधारात होता. तेथेच उजेड पडला.

आजी वाती वळीत बसली होती. तिने सारा वाद ऐकून घेतला आणि म्हणाली, “खूण डोळ्याला दिसावी, हाताला कळू नये. एवढेच ना?”

सारे एवढेच होते, आणि तेवढेच अवघड होते. जुगाराच्या फाशाच्या सहा बाजू एकमेकींशी प्रामाणिक असाव्या लागतात. एक बाजू जड झाली की दान खोटे पडते. म्हणून जुगारगृहांसाठी फासे करताना ठिपक्यांच्या खळग्यांत तितक्याच घनतेचा रंगद्रव्याचा लेप भरतात आणि पृष्ठभाग सपाट करतात. हुकमाचा फासा टाकला जातच नाही. त्याची एक बाजू किंचित जड असली तरी बिघडत नाही. परंतु थैलीतले सारे फासे एकमेकांसारखे असावे लागतात. आकार, वजन, कडांची गोलाई, पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा, यांत एका रंगाचा फासा दुसऱ्यापासून वेगळा वाटता कामा नये.

घरी केलेले फासे

आम्ही लाकडाचे फासे करावयाचे ठरविले. ओळखीच्या सुताराने सागाची एकच लांब पट्टी चारी बाजूंनी रंधून १६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे अर्ध्या इंचाहून थोडी अधिक, चौरस केली आणि तिचे चोवीस तुकडे कापून दिले. दोन्ही रंगांचे फासे एकाच पट्टीतून निघाले पाहिजेत, हा त्याचाच सल्ला. वेगवेगळ्या लाकडांचे वजन आणि स्पर्श वेगळा असतो. मुलांनी काचकागदाने कडा सारख्याच गोल केल्या. चोविसांतून आकाराने किंवा वजनाने वेगळे वाटणारे चार बाजूला काढले. दहा-दहांचे दोन संच उरले.

रंगांची निवड धाकट्याने केली. लाल-हिरव्याचे रंगांधत्व असलेल्या डोळ्यालाही निळा आणि पिवळा हे रंग सहसा वेगळे दिसतात. त्यातही एक गडद आणि एक फिका घेतला की मंद उजेडातही घोटाळा होत नाही. म्हणून एक संच गडद निळा आणि दुसरा फिका पिवळा. शिवाय पिवळ्या फाशांच्या प्रत्येक बाजूला शाईची एक बारीक चौकट. रंग मुळीच कळला नाही तरी चौकट कळेल.

पहिला प्रयत्न फसला. कारण सांगण्याजोगे आहे. फिका पिवळा रंग सागाचा तपकिरीपणा झाकीना, म्हणून त्याचे तीन हात द्यावे लागले. निळ्याचे दोनच पुरले. दिसावयास दोन्ही संच सुरेख होते. भाच्याने परीक्षा सुचविली : थैलीतून न पाहता फासा चाचपावयाचा, रंग सांगावयाचा, मग फासा काढून पाहावयाचा आणि पुन्हा आत टाकावयाचा. असे चाळीस वेळा. निव्वळ अंदाज असेल तर सुमारे वीस उत्तरे बरोबर यावीत. धाकट्याची एकोणतीस आली. नुसत्या योगायोगाने इतकी किंवा याहून अधिक उत्तरे बरोबर येण्याचा संभव हजारात सुमारे तीन आहे. बोटांना तिसऱ्या हाताची जाडी कळत होती.

मग सारे फासे घासून पुन्हा आरंभ केला. आधी सर्वांना पांढऱ्या अस्तराचा एक हात, नंतर दोन्ही रंगांचे बरोबर दोन-दोन हात. पूर्ण वाळल्यावर बाजूंवर हुकमांची नावे पक्क्या शाईने लिहिली. पिवळ्यावर काळ्या शाईने, निळ्यावर पांढऱ्या. चौकटीही त्याच वेळी काढल्या. शेवटी सर्व वीस फाशांना एकाच डब्यातल्या चकचकीत व्हार्निशाचे दोन हात दिले, म्हणजे अक्षरे, चौकटी आणि रंग सारे एकाच सपाट थराखाली झाकले गेले. प्रत्येक हात वाळेपर्यंत धीर धरावा लागला. चिकट फासे एकमेकांना लागले की रंगाचे पापुद्रे निघतात आणि श्रम वाया जातात. या वेळी चाळिसांत धाकट्याची एकवीस उत्तरे बरोबर आली, भाच्याची अठरा. आजीनेही हात घालून पाहिला आणि आपल्याला काहीच कळत नाही म्हणून समाधान व्यक्त केले.

विकत घेणाऱ्यांसाठी

प्रत्येकाला सुतारकामाची हौस किंवा सवड असेलच असे नाही. आपल्या पसंतीच्या चिन्हांचे फासे मागणीप्रमाणे करून देणारे कारागीर आता आहेत. कोणी साच्यात प्लास्टिक ओततात, कोणी तयार कोऱ्या फाशांवर लेसर किरणांनी अक्षरे कोरून त्यांत रंग भरतात. त्यांच्याकडे मागणी नोंदविण्यापूर्वी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. दोन्ही रंगांचे फासे एकाच वेळी, एकाच साच्यातून किंवा एकाच मापाच्या कोऱ्या फाशांतून घडवून मागावेत. मागून दुसरा रंग वेगळ्या ठिकाणाहून आणला, तर अर्ध्या मिलिमीटरचा फरकही बोटांना कळतो. दोन्ही रंगांवरची अक्षरे सारख्याच खोलीची असावीत. एका संचावर कोरलेली आणि दुसऱ्यावर नुसती छापलेली नसावीत. आणि संपूर्ण संचाचे पैसे देण्यापूर्वी प्रत्येक रंगाचा एक तरी नमुना मागवून थैलीतली परीक्षा घ्यावी.

कोऱ्या फाशांवर कागदी चिकटपट्ट्या लावणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. परंतु हाताळून त्यांचे कोपरे सुटतात आणि बोटे ते लगेच शोधून काढतात. रबरी साच्यात राळ ओतून घरी फासे करण्याची पद्धतही आहे. ते काम मात्र मोठ्यांनी, हातमोजे घालून आणि खिडक्या उघड्या ठेवूनच करावे. कोणताही मार्ग पत्करला तरी रंग निवडताना घरातल्या, तसेच खेळावयास येणाऱ्या साऱ्या मुलांना तो एकदा संध्याकाळच्या उजेडात दाखवावा. लुडोच्या सोंगट्या, पत्ते, शाळेतले नकाशे यांनाही हे लागू आहे. मूल चुकत असेल, तर ते फसविते आहे किंवा निष्काळजी आहे असे ठरविण्यापूर्वी त्याला काय दिसते ते विचारावे. मला हे विचारावयास फार उशीर लागला.

सुट्टीचे शेवटचे दोन दिवस उरले होते. जेवणाच्या मेजावर पुन्हा इटलीतले खेडे उभे राहिले. नव्या फाशांच्या थैलीत प्रथम भाच्याने हात घातला आणि मिटल्या मुठीने तो धाकट्यासमोर धरला. धाकट्याने मूठ उघडली, पिवळा फासा उजेडाकडे धरण्याची त्याला आता गरज नव्हती. “माझा,” तो म्हणाला. मग पुष्कळ वेळ विचार करून त्याने फासा फिरविला आणि ‘सावर’ ही बाजू वर करून आपल्या तुकडीजवळ ठेवला.